बेटाच्या झेंड्याखालचं जहाज

माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनिअर होता. जहाजाचा मालक कोण, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. झेंडा मात्र दूरच्या एका चिमुकल्या बेटाचा होता. ते बेट म्हणजे स्वतंत्र देश, आणि कायद्याने जहाज त्या देशाचं. एका बलाढ्य देशाच्या बंदरात तेल सांडल्याचा ठपका ठेवून ते अडकवलं गेलं. खलाशांना खाली उतरायचीही बंदी झाली.

मी अमरावतीला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. अकोल्याला गेले की वडील दारातच गाठायचे. जन्मभर जिल्हा न्यायालयात वकिली केलेला माणूस.

"पोरायले शिकवतं ना तू, सगळे देश सारखे म्हणून? मंग त्याचं जहाज काहून सुटून नाही राहिलं?"

"बाबा, दावा झेंड्याच्या देशानेच लावायचा असतो."

"मंग त्यायले सांग!"

आपल्या सरकारला लिहिलं, तर उत्तर आलं: माणूस आपला, पण जहाज आपलं नाही. बेटाच्या जहाज-नोंदणी कार्यालयाचा नंबर फिरवला, तर तो युरोपातल्या एका कंपनीत लागला. झेंड्याचा कारभारच त्या देशाने कंपनीकडे सोपवला होता.

मध्येच भावाचा फोन आला. "ताई, बाजूचं जहाज सुटलं. त्यानंही तेलच सांडलं होतं. पण त्याच्या देशाचा राजदूत स्वतः धक्क्यावर आला होता. आमच्याकडे कुत्रंही फिरकून नाही राहिलं."

महिनोन्महिने खटपट केल्यावर बेटाच्या परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी फोनवर सापडला. मी कलमं ऐकवली, आवाज चढवला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, कलमं मलाही पाठ आहेत," तो म्हणाला. "आमचं एकुलतं एक रुग्णालय त्या देशाच्या मदतीवर चालतं. त्यांना आम्ही कोर्टात खेचावं?"

ज्याला फाडून खायचं ठरवून बसले होते, तो माझ्याहून हतबल निघाला. मी फोन ठेवला. रडू आलं नाही. नुसता संताप होता, आणि तो काढायचा कुणावर?

पुढे मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं. खलाशी पोसणं बंदरालाच जड झालं, तेव्हा त्यांना घरी पाठवलं. न्याय वगैरे काही झाला नाही.

अकोला स्टेशनवर उतरला तेव्हा भावाच्या अंगावर शर्ट लोंबत होता. वडिलांनी त्याची बॅग घेतली. गाडीकडे जाता जाता तो म्हणाला, "सोडताना लिहून घेतलं त्यायनं. कोणत्याही देशाविरुद्ध आमची तक्रार नाही म्हणून."

वडील थांबले. "अन् तू सही केली?"

"केली. घरी यायचं होतं, बाबा."

वकील असलेल्या माझ्या वडिलांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि ते गाडीकडे चालू लागले. भाऊ आता नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात बॉयलर सांभाळतो. समुद्राचं नाव काढलं की उठून जातो.