वहीतली बारीक ओळ

मंठ्याच्या आमच्या कॉलेजातले ग्रंथपाल सर प्रत्येक वाक्यामागं ‘बराबर?’ म्हणतात आणि उत्तरासाठी थांबतात. यंदा त्यांनी ग्रंथखरेदीचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. नेपाळ, केनियाचेही ग्रंथपाल त्यात होते. “तिकडं बी दुकानदार देईल तेच घेत्यात,” सर हसून सांगायचे. तेव्हापासून त्यांच्या टेबलावर एक वही असते. ज्याला जे पुस्तक मिळालं नाही, त्यानं त्याचं नाव त्यात लिहायचं.

कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळं काही मागायला संकोच वाटतो. पण परीक्षा जवळ आली होती आणि इंग्रजी पुस्तक समजत नव्हतं. बीजोत्पादनावरच्या मराठी पुस्तकाचं नाव मी वहीत अगदी बारीक अक्षरात लिहिलं.

दुकानातून कॉलेजासाठी पुस्तकांचा गठ्ठा आला, तर त्यात स्पर्धापरीक्षेची गाइडं निघाली.

“ठेवा की सर, दरसाल ठेवता,” दुकानाचा माणूस म्हणाला.

“ठेवत होतो. आता ह्या पोरीनं लिहिलंय तेच आण. बराबर?”

गठ्ठा परत गेला. आठ दिवसांनी माझं पुस्तक आलं. सरांनी शिक्का मारून ते माझ्या हातात दिलं आणि वही पुढं सरकवली.

“आता दुसरं लिही. मला चष्म्यातून दिसंल असं. बराबर?”

या वेळी पुस्तकाच्या नावाला दोन ओळी लागल्या.