फुकटचा स्टँड

हलकी हवी म्हणून मी रेसिंगची सायकल घेतली. तिला ना स्टँड, ना मडगार्ड. वर दोनशे ग्रॅम वाचवायला अर्धा पगार घालून नवी सीट बसवली; पोटाचं वजन कोण करतंय!

एकदा गिअर अडकला म्हणून लातूरच्या मिस्त्रीकडं टाकली. संध्याकाळी बघतो तर खाली जाडजूड लोखंडी स्टँड!

"एवढी महागाची गाडी अन् तुम्ही भिंतीला टेकवून ठेवता. लई वाईट वाटलं, सर. याचे पैसे राहू द्या," मिस्त्री म्हणाला.

माझं डोकं सणकलं, पण त्याचा खुललेला चेहरा बघून गिळलं सगळं.

दोन वर्षं झाली. सायकल गॅलरीत उभी; तिचं हजारोंचं सामान धूळ खातंय. रोज ड्युटीवर असतो तो एकटा स्टँड.