मी म्हणाले, चालू आहे

लोक सापाला भितात, भुताला भितात. लग्न झालं तेव्हा मी कॉम्प्युटरला भीत होते, आणि रोज बसनं जाऊन कॉम्प्युटरच शिकवत होते. हसायचं तर हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

झालं असं, की दवनीवाड्याची मंडळी मला पाहायला आली तेव्हा मध्यस्थानं बैठकीत सांगून टाकलं, "पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे." मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. खरं म्हणजे मी बी.ए. झालेली, तीन महिन्यांचा कोर्स केलेली, गोंदियाच्या एका क्लासमध्ये पोरींना मराठी टायपिंग आणि अर्जाचा नमुना शिकवणारी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. मग बाबा पाहुण्यांना म्हणाले, "चहा घ्या." तेवढ्यात मी इंजिनिअर झाले. मध्यस्थ लोक एकाचे दोन करतातच, लग्नानंतर कोण विचारतं, असं आईचं म्हणणं. मीही तोंड उघडलं नाही, हा माझा गुन्हा.

सासरी खरंच कोणी विचारलं नाही. उलट तेच सगळ्यांना सांगत सुटले. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी गावात कोणीही भेटलं की सांगायचे, "आमची सून इंजिनिअर आहे, गोंदियाले नौकरीवर जाते." हे ऐकलं की मी तिथून उठून जायची. कारण मामाजी म्हणजे धानाचे पारखी. मूठभर दाणे घेऊन चोळायचे, हुंगायचे, एखादा दाताखाली फोडायचे, आणि ते बोलले की व्यापारी पुढे बोलत नसत. खोटं त्यांना अजिबात खपायचं नाही. एका चुलत भावानं पोत्यात खाली ओला आणि वर कोरडा धान भरून विकला, तर मामाजी त्याच्या पोरीच्या लग्नाला गेले नाहीत. आणि त्याच घरात मी, वरून कोरडी आणि खालून ओली, पाच महिन्यांपासून भाकरी खात होते. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो नागझिऱ्याला पर्यटकांची जीप चालवायचा, हप्त्यातून एकदा घरी. तेवढ्या वेळात हे कुठून काढू?

दिवाळी होऊन धान घरात आला आणि दिरानं विषय काढला. तो लग्नाची शूटिंग करायचा. मिक्सिंग, म्हणजे शूटिंग कापून-जोडून त्यात गाणी टाकणं, मात्र दुसऱ्याकडून करून आणावं लागायचं, आणि त्या माणसाकडे कॅसेट पंधरा पंधरा दिवस पडून राहायच्या. गिऱ्हाईक ओरडायचं दिरावर. त्याला कोणी तरी सांगितलं होतं, मिक्सिंगसाठी गेमिंगवाला कॉम्प्युटर घे, त्यात वेगळं ग्राफिक कार्ड असते, अटकत नाही. गोंदियाच्या एका दुकानात त्यानं तसा एक रेडीमेड जुळवलेला पाहून ठेवला होता. फार वरचा नाही, अगदी खालचाही नाही, मधला. लगनसरा तोंडावर आला होता. त्याच्या आधी मशीन हवं, नाही तर हे वर्षही गेलं.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई पाहील. थे हो म्हणन त घेऊ. नाई म्हणन त नाई."

दीर खुशीत माझ्याकडे वळला, "वहिनी, आता तुझ्याच हातात."

आयुष्यात मी कधी कॉम्प्युटरचं झाकण उघडून पाहिलं नव्हतं. क्लासमध्ये एखादा बंद पडला की मी बोर्ड लावायची, "मशीन खराब आहे", आणि दुसऱ्यावर बसायची. दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या जुन्या मासिकांतून चार शब्द उतरवून घेतले. रॅम एक पट्टी की दोन, पॉवर सप्लाय किती वॅटचा, कार्ड किती जीबीचं. डाव्या तळहातावर पेनानं लिहिलं. परीक्षेत कधी कॉपी केली नाही मी, आणि लग्नानंतर ही वेळ.

दुकानात आम्ही तिघं गेलो. दीर मोटारसायकलनं पुढे, मी आणि मामाजी एस.टी.नं. मामाजी पहिल्यांदाच अशा दुकानात आले होते. चपला बाहेर काढून आत आले. दुकानदारानं खुर्ची दिली. मशीन टेबलावर तयारच होतं. काळी उंच पेटी, बाजूला धुरकट काच, आत निळा दिवा. तो निळा उजेड पाहून दीर तर अर्धा तिथंच विकला गेला.

"नया पीस है मॅडम, कंपनी का जुळवलेला," दुकानदार गोंदियाच्या पद्धतीनं दोन्ही भाषा एकत्र करून म्हणाला. "आय फाइव्ह, चार जीबी रॅम, एक जीबी का कार्ड. आप तो जानती ही हैं."

आप तो जानती ही हैं. मला घाम फुटला. तळहात पाहिला तर सगळी शाई घामानं पसरलेली, फक्त "वॅट" वाचता येत होतं. मी माऊस हातात घेतला आणि मला येत होतं तेवढं एकच केलं, कॉम्प्युटरच्या चित्रावर जाऊन त्याची माहिती उघडली. दुकानदार म्हणाला तेच तिथं लिहिलेलं होतं. मी गंभीरपणे मान हलवली. मग त्यानं मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दाखवला. गाड्या सुसाट पळत होत्या. मी पाहत उभी, पदर सांभाळत, आणि मनात एकच चाललेलं. हो म्हणावं आणि उद्या मशीन बंद पडलं तर दिराचा हंगाम बुडेल आणि माझं बिंग फुटेल. नाही म्हणावं तर कारण काय सांगू? बाबांचं नाक कापलं जाईल, मला माहेरी पाठवतील, दोन जिल्ह्यांत चर्चा होईल. देवा, लाइट तरी जाऊ दे, असं मी म्हणत होते. एरवी दिवसातून चारदा जाणारी लाइट त्या दिवशी जाईना.

"त काय म्हणतं सूनबाई?" मामाजींनी विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "चालू आहे."

एवढंच म्हणाले. मशीन सुरू आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते तर आंधळ्यालाही दिसत होतं. पण माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

मामाजी उठून उभे राहिले. "चाल," ते दिराला म्हणाले. "नाई घ्यायचा."

मला काही समजेना. मग एकदम समजलं. धानाच्या बाजारात चालू माल म्हणजे हलका माल, कामचलाऊ, दोन नंबरचा. मामाजींनी तो शब्द तसा घेतला होता.

दुकानदाराचा चेहरा लाल झाला. "चालू? मॅडम, मेरे माल को चालू बोला आपने? क्या चालू है इसमें, दाखवा ना. बताओ."

"दाखव, सूनबाई," मामाजी शांतपणे म्हणाले. "खोलून दाखव. पोतं खोलल्याशिवाय आम्ही बोलत नाई."

दे माय धरणी ठाय झालं मला. आता म्हणावं का, की मला तसं म्हणायचं नव्हतं? म्हटलं तर पुढचा प्रश्न, मग कसं म्हणायचं होतं? गेम चालू असताना आतून पंख्याचा घर्र घर्र आवाज येत होता, तेवढं एक डोक्यात राहिलं होतं. मी काचेतून बोट दाखवलं आणि म्हणाले, "तो पंखा."

दुकानदार पुटपुटत मशीन बंद करून बाजूची काच काढायला लागला. मी भिंतीला टेकून उभी होते. तिथं काहीही निघणार नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. दीर वाकून पाहत होता. बाहेरून सगळं चकचकीत, पुसलेलं. पण पंख्याच्या खाली पातळ पातळ पत्र्यांची जी चळत असते, तिच्या फटींत पिवळसर काही तरी बसलेलं होतं.

"धूल है," दुकानदार म्हणाला. "रोड की."

मामाजींनी करंगळी घातली, थोडं काढलं, दोन बोटांत चोळलं आणि नाकाजवळ नेलं. मग म्हणाले, "हा रस्त्याचा नोहय. कोंडा आहे. अन् साधा नाई, उष्ण्या तांदळाचा. वाफवलेल्या धानाचा वास येऊन राहिला." बोट त्यांनी दुकानदारासमोर धरलं. "तुह्या दुकानात धान कोन उकळते? हे मशीन राइस मिलमधी चाललं आहे. नवं कायले सांगतं?"

दुकानदारानं हातातली काच टेबलावर ठेवली. मग पडत्या आवाजात म्हणाला, "थोडा चला हुआ है. एक मिलवाले ने वापस किया." दीर खुर्चीत बसला. बाहेर येताना तो मला म्हणाला, "वहिनी, वाचवलं तू," आणि ही खबर घरी सांगायला मोटारसायकल पिटाळत निघून गेला.

मला वाटलं, सुटले. गंगेत घोडं न्हालं.

एस.टी.त मामाजी खिडकीशी बसले, मी बाजूला. नागऱ्याचा फाटा गेला. मामाजी खुशीत होते. ते म्हणाले, "मले एक सांग. मी त कोंडा पाहून बोललो. तू पेटी खोलायच्या आधीच म्हणली का माल चालू आहे. तुले कसं समजलं?"

एवढ्या कौतुकानं विचारलं त्यांनी. काहीही सांगता आलं असतं. आवाजावरून, म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण दिवसभराच्या भीतीनं मी पार थकून गेले होते, आणखी एक खोटं उचलायची ताकद नव्हती. मी म्हणाले, "मला नाही समजलं, मामाजी. सुरू आहे, म्हणून चालू म्हणाले. मला कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही. मी इंजिनिअर नाही. टायपिंग शिकवते."

मामाजींनी तीच करंगळी पुन्हा चोळून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे कोंडा नसता निघाला, त मी आज एका माणसाले त्याच्याच दुकानात खोटा म्हटलो असतो."

"हो," मी म्हणाले.

मग ते खिडकीकडे वळले. मी कंडक्टरकडे पाहत होते, बाहेर पाहत होते, मनातल्या मनात माहेरी न्यायच्या साड्यांची घडी घालत होते. मला भीती वाटत होती आणि वर स्वतःचा रागही येत होता, की हीच हिंमत चहाच्या ट्रेच्या वेळी का नाही आली.

घरी दिरानं बातमी आधीच पोहोचवली होती. सासूबाई दारात पाय धुवायला पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभ्या, बाजूला शेजारच्या दोघी. "काऊन जी, सूनबाईनं म्हणे काचेतूनच चोरी पकडली?" त्यांनी मामाजींना विचारलं.

मामाजींनी चपला काढल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पकडन नाई त काय. इंजिनिअर आहे थे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मान खाली, आवाज घोगरा. चुलत भावाच्या मांडवाकडे न फिरकलेला हा माणूस माझ्यासाठी शेजारणींसमोर खोटं बोलत होता, आणि त्यांना ते नीट बोलताही येत नव्हतं. मला तिथंच मरून जावंसं वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "मी इंजिनिअर नाही, सासूबाई. लग्नात खोटं सांगितलं. मामाजींना आजच समजलं."

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. दीर आतून बाहेर आला. सासूबाई मला पायापासून डोक्यापर्यंत पाहत होत्या. 

"मंग काय हायेस तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बी.ए., थर्ड क्लास. तीन महिन्यांचा कोर्स. टायपिंग. अर्जाचा नमुना. मशीन बिघडलं की बोर्ड लावते, तेही सांगितलं. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच सांगितलं, कारण आत जायचं की नाही ते मला माहीत नव्हतं.

सासूबाईंनी शेजारणींना म्हटलं, "जा वो बायांनो, सैपाकाची येळ झाली." त्या गेल्या. मग त्यांनी गुंड माझ्यासमोर ठेवला.

"पाय धू," त्या म्हणाल्या. "अंदर ये, अन् पहिलेपासून सांग."

मी वाकून पाणी घेतलं. पाय धुतले, आणि उंबरा ओलांडून आत गेले.