सगळ्यांत उतावळी वनिता

वनिता खुर्चीला टेकायचीच नाही. जव्हारच्या आमच्या छोट्या कार्यालयात ती उभ्याउभ्याच कोड लिहायची, मधेच दारापर्यंत जाऊन यायची. माहेर सूर्यमाळचं. पाड्यांवरच्या आशाताई मोबाइलवरून पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवत, ते ॲप आम्ही दोघी बनवत होतो. "चल, टाक, पुढचं बघू," हे तिचं पालुपद.

त्या उन्हाळ्यात ॲपमध्ये मागणीची तारीख चुकत होती. तिने दुरुस्ती केली, ॲपची नवी आवृत्ती बनवली आणि लगेच सगळ्या आशाताईंच्या फोनवर पाठवली. पण आम्ही दोघी कोडच्या एकाच मुख्य प्रतीत काम करायचो. माझं अर्धवट काम त्यात होतं, तेही सोबत गेलं. त्यामुळे सूर्यमाळच्या मागण्या फोनमध्येच अडकल्या. टँकर आला नाही. तिच्या आईचा फोन आला, "ताईनं मोबाइलात लिवलं ना? मग पाणी कुठंय?"

दिवसभर ती येरझारा घालत राहिली. मी म्हटलं, "आपापल्या ब्रँचमध्ये, म्हणजे मुख्य प्रतीच्या वेगळ्या नकलेत काम करू. महिन्याच्या शेवटी एकत्र जोडू."

"महिनाभर? तोवर लोकांनी काय प्यायचं?" ती उसळली.

शेवटी तिनेच ठरवलं. ब्रँच वेगळी, पण एका छोट्या कामापुरतीच. दुसरीने वाचल्याशिवाय मुख्य प्रतीत जोडायची नाही. तातडीची दुरुस्ती असेल, तर लोकांच्या फोनवर चालू असलेल्या आवृत्तीवरूनच ब्रँच काढायची, म्हणजे अर्धवट काही सोबत जाणार नाही.

हा नियम सगळ्यांत जास्त तिलाच जाचायचा. "अगं, वाचलंस का? वाच ना!" म्हणत ती माझ्या डोक्यावर उभी.

एकदा मी दाभोशाला मावसबहिणीच्या हळदीला गेले होते. तिथे रेंज नाही. दुपारी जीपमधून उतरून वनिता थेट मांडवात आली आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला.

"मागण्या पुन्हा अडकल्यात. वाच."

"तूच जोडायचंस की! कोण विचारणार होतं?"

"कुणी विचारणार नव्हतं, म्हणून तर आले."

हळदीच्या बोटांनी मी वाचू लागले. एक चूक सापडली: तीच मागणी दोनदा जात होती. तिने ओठ चावला, तिथेच दुरुस्त केली. मावशी म्हणाली, "जेवून जा गं."

"टँकर निघू दे, मावशी," म्हणत ती जीपकडे पळाली.

पुढे ती नाशिकला नोकरीला गेली. नंतरही एकदा सवयीने मी माझं काम वाचायला तिच्याच नावावर पाठवलं. तिचं उत्तर आलं, "मी आता तिथली नाही. नव्या आलेल्या सुनंदाला दे. आणि ती वाचेपर्यंत तिच्या डोक्यावर उभी राहू नकोस."