उपस्थितांनी केलेली कार्यवाही

विषय : घाटावर बाईमाणसाला मारहाण होत असताना उपस्थितांनी केलेली व न केलेली कार्यवाही.

संदर्भ : काशीच्या ब्रह्मा घाटाकडची आम्ही तीन मराठी माणसं. मी, रिटायर हेडक्लार्क. दामले मास्तर, संस्कृतचे रिटायर शिक्षक. विनायक गुरुजी, जे रिटायर होत नाहीत, कारण यजमान होऊ देत नाहीत.

वरील विषयास अनुसरून निवेदन असं की, कचेरीत कागद कोणी साठवत नाही, ते आपले आपण साठतात. किस्स्यांचंही तसंच. आम्ही रोज सकाळी सातला लल्लनच्या टपरीवर चहा घेतो, आणि डोळे उघडे असतील तर दिसतं. नसतील तरी ऐकू येतं.

पहिल्या दिवशी माझे डोळे वर्तमानपत्रात होते.

मालती, मल्लाहाची म्हणजे नावाड्याची मुलगी, टपरीसमोरच्या पायरीवर फुलं आणि दिवे विकते. नवऱ्याचं, ब्रिजेशचं, घर सोडून ती मावशीकडे राहायला आली त्याला दोन वर्षं झाली. ब्रिजेशचं म्हणणं एकच, दुकान उचल आणि घरी चल. तिचं म्हणणंही एकच, नाही येणार. त्या सकाळी त्यानं हे म्हणणं हातानं मांडलं. थप्पड मला दिसली नाही. तिचं पितळेचं ताट पायऱ्यांवरून वाजत खाली गेलं, ते ऐकलं.

घाटावर निदान चाळीस माणसं असतील. दोघांनी मोबाईल काढले. लल्लन म्हणाला, "मियाँ-बीवी का मामला है, बाबूजी." मी मान डोलावली आणि संपादकीय पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. कोणीतरी नावाडी ओरडला म्हणून ब्रिजेश निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी रोजचा हार घ्यायला गेलो. मालतीचा गाल सुजलेला होता. हार पानात बांधता बांधता तिनं विचारलं, "बाबूजी, अखबार में हमारा कुछ छपा था?"

*

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. "माणूस मुळात वाईट नसतो हो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं."

पुढच्या खेपेला मास्तर टपरीवर होते. ब्रिजेशनं मालतीचे केस धरले होते आणि तिला उठवत होता. मास्तर काठी टेकत सरळ त्याच्यासमोर गेले. मी नाही गेलो, हे नोंदवून ठेवतो. मास्तरांनी स्त्रीच्या सन्मानावरचा एक श्लोक खणखणीत म्हटला, त्याचा अन्वय लावला, मग शुद्ध हिंदीत अर्थ सांगितला. पस्तीस वर्षं नववीच्या मुलांना शिकवलेला माणूस.

ब्रिजेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाकला आणि त्यानं मास्तरांच्या पायांना हात लावला. "गुरुजी, आशीर्वाद दीजिए."

एक हात मास्तरांच्या पायावर होता. दुसऱ्या हातात मालतीचे केस तसेच होते. तो वाकला म्हणून तीही वाकली.

मास्तर त्यानंतर चार दिवस चहाला आले नाहीत.

*

बार्शीच्या अकरा बायका काशीयात्रेला आल्या होत्या. विनायक गुरुजी त्यांना पायऱ्यांवर ओळीनं बसवून संकल्प सांगत होते. संकल्प एकदा सुरू झाला की गुरुजी मध्ये दुसरं बोलत नाहीत. शेजारी रेडा मेला तरी नाही.

ब्रिजेश आला. मालतीचा दंड धरून तिला वर ओढायला लागला. गुरुजींनी पाहिलं. थांबता येईना, म्हणून त्यांनी आवाज चढवला. मालती जितकी ओरडे, तितका संकल्प मोठा. आम्हाला प्रश्न पडला, हा माणूस तिचं ओरडणं झाकतो आहे की मदतीला हाका मारतो आहे? मला वाटतं, त्यांनाही माहीत नसावं.

ओळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी हातातलं पाणी शांतपणे ताम्हनात सोडलं. "गुरुजी, तुमचं चालू द्या. आम्ही आलोच."

अकरा जणी उठल्या. ब्रिजेशभोवती कडं झालं. आजी त्याला मराठीतून बोलल्या. त्याला मराठी येत नव्हतं, पण अडलं नाही. मग आजींनी ओल्या लुगड्याची आपली पिशवी त्याच्यापुढे धरली. "धर." ती घ्यायला त्याला मालतीचा दंड सोडावा लागला. पाठोपाठ दहा पिशव्या आल्या.

बायका ओळीत परत बसल्या. "हं गुरुजी, कुठवर आलो होतो?"

संकल्प संपेपर्यंत ब्रिजेश अकरा पिशव्या घेऊन उभा होता. अकरा जणी समोरून बघत असताना पिशवी खाली ठेवायची हिंमत त्याला झाली नाही.

दुपारच्या गाडीनं बायका बार्शीला गेल्या. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

*

माघातली सकाळ. गुरुजी गंगेत बुडी मारून, सोवळं नेसून, देवासाठी पाण्याचा तांब्या घेऊन वर चढत होते. या वेळी त्यांना कोणी शिवायचं नाही. लल्लनचं कुत्रंसुद्धा बाजूला होतं.

मधल्याच पायरीवर ब्रिजेश मालतीला भिंतीशी दाबून धरून बसला होता. तिचा आवाजही फुटत नव्हता. गुरुजी दोन हात अंतरावर थांबले आणि ओरडले, "अरे, कोणी धरा याला, मी सोवळ्यात आहे!"

मी आणि मास्तर उठलो. पण आमचे गुडघे, आणि मध्ये तीस पायऱ्या. जवळ तरणे लोक होते, ते गुरुजींकडे बघत राहिले. पुढे न जाण्याचं इतकं स्पष्ट कारण त्यांच्याकडे नव्हतं, एवढंच.

गुरुजींनी तांब्याकडे पाहिलं. तो पायरीवर ठेवला आणि मागून ब्रिजेशला दोन्ही हातांनी मिठी मारली. ब्रिजेश मालतीच्या आधी दचकला. "महाराज! आप छू गए!" गुरुजी म्हणाले, "हाँ. अब छोड़ूँगा नहीं." मालती मावशीच्या गल्लीत पोचेपर्यंत त्यांनी सोडला नाही.

गुरुजींनी पुन्हा स्नान केलं. मालती दुकानावर परतली, ब्रिजेश पुन्हा आला. त्या सकाळी असं तीनदा झालं. घरी गेल्यावर गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, विचारलं, "तिसरं ओलं धोतर? गंगेतच बिऱ्हाड केलंत का?"

*

मग मात्र मी ठरवलं, हे प्रॉपर चॅनेलनं व्हायला हवं. पोलीस चौकीत अर्ज द्यायचा. ड्राफ्ट मी केला, तीन पानी, शुद्ध हिंदीत. मास्तरांनी भाषा तपासली. मी फेअर केला. त्यांना एक समास खटकला. पुन्हा फेअर. यात नऊ दिवस गेले आणि त्या नऊ दिवसांत ब्रिजेश दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला मालतीचं मनगट गेलं. प्लास्टर घातलं.

मी तिला अर्ज वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला.

"बाबूजी, इसमें लिखा है कि मारता है?"

मी शोधलं. तिसऱ्या पानावर 'अशोभनीय आचरण' सापडलं.

"वो क्या होता है?"

मी कोरा कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. "मेरा आदमी मुझे मारता है. उसको घाट पर आने से रोका जाए. मैं उसके साथ नहीं जाऊँगी." तीन वाक्यं. माझ्या सगळ्या नोकरीत असा ड्राफ्ट माझ्या हातून झाला नव्हता. डाव्या हाताचा अंगठा तिनं स्वतः उमटवला.

*

आम्ही तिघे तिच्याबरोबर चौकीत गेलो. कोणत्या चौकीत, ते सांगत नाही. तिथली लिखापढी करणाऱ्या मुन्शीजींना अजून नोकरी करायची आहे. माणूस चांगला. मालतीला आधी खुर्ची दिली. अर्ज वाचला आणि फॉर्म पुढे सरकवला. "गवाह लोग भर दीजिए. नाम, पता, प्रार्थिनी से संबंध."

मास्तर म्हणाले, "संबंध कसला? हमने देखा है."

"देखा तो पूरे घाट ने है, मास्टर साहब. जिसका कोई संबंध नहीं, वो कल कचहरी में क्यों खड़ा होगा?"

मास्तरांनी बराच विचार करून लिहिलं, 'परिचित'. सरकारी रकान्यात मी कधी खोटं लिहिलेलं नाही. मी लिहिलं, 'ग्राहक'. रोज हार घेतो.

गुरुजींनी पेन घेतलं आणि न थांबता दोन शब्द लिहिले. 'सगा भाई'.

मी हबकलो. या माणसानं साठ वर्षांत तिथीसुद्धा चुकीची सांगितलेली नाही. मुन्शीजींनी रकाना पाहिला, गुरुजींची शेंडी पाहिली, मालतीचं प्लास्टर पाहिलं.

"महाराज, आप मराठी पंडित. ये मल्लाह की बेटी. सगा भाई?"

गुरुजींनी पेनचं टोपण लावता लावता विचारलं, "गोत्र भी लिखना है?"

मुन्शीजींनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. मालती दारापर्यंत पुढे गेली होती, ती थांबली आणि थोरल्या भावाला द्यावं तसं गुरुजींना आधी बाहेर पडू दिलं.

ब्रिजेश या आठवड्यात एकदा आला होता. वरच्या पायरीवर उभा राहून गेला. मालती दुकान लावते आहे. अर्जावर शेरा पडला आहे : 'गवाह क्रमांक तीन अपने संबंध का प्रमाण संलग्न करें.' अर्ज प्रलंबित आहे.