आतून न उघडणारं दार

आमच्या जुन्या पांढऱ्या मोटारीचं मागचं डावं दार आतून उघडत नव्हतं. तिथे मम्मी बसायची. गाडी थांबली की पप्पा उतरायचे, पुढून वळसा घालून यायचे आणि बाहेरून दार उघडायचे. नांदेडहून शिरूर अनंतपाळला मोठ्या काकांकडे गेलो की काकू ओट्यावरूनच ओरडायच्या, "आल्या बघा कलेक्टरीणबाई! भावजी, आता हात धरून उतरवा."

"हँडल तुटलंय, वहिनी," पप्पा म्हणायचे.

घरात पप्पांनी मम्मीला कधी पाण्याचा ग्लास दिलेला मी पाहिलेला नाही. चारचौघांत तिच्याशी बोलायलाही ते संकोचतात. तो स्वभाव माझ्यातही आलाय. तुटलेल्या हँडलमुळे त्यांना निदान एक कारण मिळालं होतं.

मी आठवीत असताना लातूरच्या एका मेकॅनिकने ब्रेकचं काम करता करता ते हँडलही नीट करून टाकलं आणि सांगायला विसरला. परतीच्या वाटेवर अहमदपूरला चहाला थांबलो. पप्पा वळसा घालत होते, तेवढ्यात मम्मीने सहज हँडल ओढलं आणि दार बोटभर उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग दार ओढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

गेल्या वर्षी दादाने सात सीटची नवी गाडी घेतली. तिला नाव ठेवायला जागा नाही. जुनीत लोहा गाव सोडलं की इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, उन्हाळ्यात सीटचं रेक्झिन पाठीला चिकटायचं. हिच्यात खड्डे कळतही नाहीत. हिच्यातून पहिल्यांदा लातूरला गेलो ते मावसबहिणीच्या साखरपुड्याला. पप्पांनीच चालवली. हॉलपुढे ते सवयीने वळसा घालून आले, तोवर मम्मी उतरून साडी सारखी करत होती. दाराकडे गेलेला त्यांचा हात तसाच राहिला.

दादा हसला. "पप्पा, ही काय तुमची जुनी मोटार हाय का? हिची सगळी दारं उघडतेत!"

पप्पाही हसले आणि हात खिशात घातला. त्यानंतर ते गाडी बंद करून सरळ चालू लागायचे. मम्मी उतरून चार पावलं मागून जायची. तीन-चार वेळा मी हे पाहिलं. आणखी थोड्या दिवसांनी त्या दोघांनाही पूर्वीचं आठवणार नाही, याची मला भीती वाटली.

गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घरात फक्त मी वाचलं होतं. मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी खाच असते. ती किल्लीने फिरवली की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. आमच्या घरात लहान मूल नाही. एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी डाव्या दाराची खाच फिरवली.

देगलूरला एका लग्नाला गेलो, तेव्हा मम्मीने हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. पप्पा बरेच पुढे गेले होते. डिकीतून पिशव्या काढणाऱ्या दादाने हाक मारल्यावर ते परत आले आणि त्यांनी दार उघडलं.

"एवढी महाग गाडी अन् दार उघडंना!" ते म्हणाले. आवाजात मात्र तक्रार नव्हती.

"लई लांब गेले होते तुम्ही," मम्मी उतरता उतरता म्हणाली.

"उद्या शोरूमला दाखवतो," दादा म्हणाला.

"कशाला? मी हाय ना."

कधी कधी वाटतं, मी मम्मीला कोंडलंय. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी मनातल्या मनात त्याला बरंच सुनावलं असतं. म्हणून माझ्या बाजूचं उजवं दार मी मोकळं ठेवलंय. मनात आलं तर तिला सरकून तिकडून उतरता येतं. परवा नांदेडच्या बाजारात गाडी लावल्यावर पप्पा फोनवर बोलत बसले. मी उतरले आणि दार धरून उभी राहिले.

"ये ना इकडून," मी म्हटलं.

मम्मी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "तू हो पुढं," ती म्हणाली. "येतेत ते."