बरा आहे म्हणणारा पेशंट

फिनेलचा वास आला की माझं डोकं आजही तडकतं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. शेजारची नर्सिंग शिकणारी पोरगी मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. पाया खणताना माती ढासळून दबलेल्या एका मजुराची शुश्रूषा कशी करायची, हे तिला अभ्यासासाठी लिहून द्यायचं होतं. "दादा, तुले इथली बोली येते न? हा नुसता 'बने हंव', बरा आहे, म्हणून राहिला. मंग कण्हते कावून?" कुठं दुखतंय, असं मी छत्तीसगढीत विचारलं, "कहां पिरात हे?" त्यानं पोटावर हात ठेवला. मग हळूच सांगितलं, ठेकेदारानं बजावलंय, बरा आहे म्हण, नाही तर काम जाईल. तिनं धावत डॉक्टरांना आणलं, पण मागोमाग ठेकेदाराचा मुकादमही येऊन खाटेशी उभा राहिला. मजूर म्हणाला, "बने हंव, साहेब." डॉक्टर तिच्यावरच खेकसून निघून गेले. संध्याकाळी तो मेला. मोठ्या सिस्टरनं सांगितलं, लिखाण उद्या हवंच. ती मला म्हणाली, "दादा, आता काळजी कोनाची लिहू?" आज मी कामगारांच्या सभेत ओरडलो की लोक म्हणतात, माणूस फार तापट आहे. त्यांना कुणी तिचा तो प्रश्न विचारलेला नाही.